चाळीतली होडी

पाखरं उतरली की होडी काढायची, ठरलेलंच.
वनखात्याचा माणूस मोटारसायकल बंद न करताच
धरणाच्या काठावरून ओरडतो, "पुंजाराम, माघ सरेपर्यंत!"
आता हे बारा फुटी लाकूड ठेवू कुठं?

निफाडला शेड आहे, महिना आठशे.
आठशेत मी स्वतःच जाऊन झोपेन तिथं.
शाळेच्या पडवीला हेडमास्तर नको म्हणाले,
पोरं आत बसून वल्ही मारतील.
मागल्या साली बाभळीखाली पालथी घातली,
चार जुने टायर, वर कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स.
साहेब तीन महिने हात जोडून हसत राहिले
आणि त्यांच्या पोटाखाली वाळवीनं
एक अख्खी फळी खाल्ली.

गयाबाई सानप म्हणाली, "माझी कांद्याची चाळ रिकामीच की.
उन्हाळ कांदा चैत्रात येईल,
तोवर उंदरांशिवाय आहे कोण?"
भाडं विचारलं. म्हणाली, मासे.
"बाई, होडी चाळीत, मग मासे कुठले?"
"मग उधार."

चौघांनी खांद्यावर घेतली.
द्राक्षबागेच्या बांधानं निघालो तर
समोरून येणाऱ्या म्हाताऱ्यानं टोपी काढली,
जवळ येऊन पाहिलं, आणि शिवी हासडली.

चाळीला खाली फटी, बाजूला फटी,
वारा आरपार. होडीला हेच हवं.
गॅरेजातलं जळकं ऑइल फुकट मिळालं,
ते दोन हात दिलं. सांध्यात कापूस, डांबर.
खर्च एकूण एकशेचाळीस, त्यात चौघांचा चहा.

मग थंडी पडली. निफाडची थंडी,
पहाटे बागांतून शेकोट्यांचा धूर,
द्राक्षमण्यांना ऊब.
झोप येईना म्हणून चाळीत गेलो,
होडीच्या पोटात हात घातला.
कोरडी. एवढ्या वर्षांत
मी तिला कोरडी कधी पाहिलीच नव्हती.
लांब पाण्यावर पाखरं बोलत होती,
कुठल्या कुठल्या मुलखातली,
भाडं न देता राहिलेली.

फाल्गुनात काढली तेव्हा
नाळेजवळच्या फटीत कधीचा अडकलेला कांदा,
त्याला वीतभर हिरवी पात.
उपटावी म्हणून वाकलो.
गयाबाई म्हणाली, "राहू दे. तो माझा.
माझं येणं किती, ते तो लक्षात ठेवील."

पहिली मरळ तिला दिली.
तिनं वास घेतला, हसली,
म्हणाली, फोडणीचे कष्ट वाचले.