दोन भोकं

भूमच्या अभ्यासिकेच्या गच्चीवर
ताटली आभाळाकडं तोंड करून बसलेली.
खाली हातात इंजेक्टर, सारखीच दोन भोकं:
एकातून नुसता निरोप,
दुसऱ्यातून निरोपाच्या पाठुंगळी
अठ्ठेचाळीस व्होल्ट.

"पयले प्लग काढ," इलियासमामू म्हणाले.
"परंड्यात मीच घाई केली.
राऊटरच्या पोटात करंट गेला.
वास अजून ह्या शर्टात हाय."

मी पेनानं तळहातावर लिहिलं: डेटा म्हणजे राऊटर.
वायर लावली. काढून पाहिली.
पुन्हा लावली.

मग बटण.
हिरवा दिवा लागेपर्यंत
मामूंनी तोंडातली सुपारी चावली नाही.

गच्चीवरचा कॅमेरा जागा झाला,
पडद्यावर गल्ली उमटली,
गल्लीत आमचीच शेळी,
दावं तोडून कुणाच्या तरी वाळवणापाशी.

"जा," मामू म्हणाले,
"तिची बी वायर लाव."