घंटीचा पाया

घंटी विकून बारा वर्षं झाली. पाया राहिला.
मांजलपूरच्या टेनामेंटमागे, चोकडीला लागून,
चार बाय तीन, वर चार बोल्ट आलेले,
पाट उलटा पडावा तसे.
घरी आलेल्या प्रत्येक अंगठ्याने ते एकदा तरी मोजलेत.

तोडणारा आला, भोवती फिरला,
"साडा चार हजार. ने काटमाळ तमारो."
आई आतून म्हणाली,
"एवढ्यात घंटी आली होती. मोटरसकट."

मग मी नवापुऱ्यातून घण आणला, दिवसाला साठ रुपये भाडं.
पहार घरातली.
माझं वय त्रेपन्न, कंबर माझ्याहून चार वर्षांनी मोठी.

पहिले पन्नास घाव मधोमध घातले.
पायाने ऐकून घेतले सगळे, कचेरीतल्या माणसासारखे.
घण उडून परत यायचा, दातांत कळ,
आणि काँक्रीटवर एक पांढरा ठिपका. बास.

"मध्ये काय मारतोस," खिडकीतून आई,
"बसलेल्याला कुणी डोक्यात मारून उठवतं का?
आधी कडेची माती काढ."

काढली. हातभर.
खाली थोडा अंधार झाला,
आणि त्या अंधारावर काँक्रीट पहिल्यांदा एकटं पडलं.
मग एका घावात कोपरा गेला.
आवाजसुद्धा बदलला,
मडकं घेताना आपण वाजवून बघतो
आणि परत ठेवून देतो, तसा.

भिंत आणि पाया यांच्या फटीत पीठ होतं.
म्हणजे एके काळचं. पावसांनी मळलेलं, उन्हांनी भाजलेलं,
बाजरीच्या रंगाचा दगड.
मुंग्या अजून तिथेच.
कुठल्या दळणाच्या वायद्यावर बसल्यात कोण जाणे.
तो तुकडा तसाच उचलून पेरूच्या बुंध्याशी ठेवला.

जाडी भरली नऊ इंच.
"नऊ कशाला गं? सहात भागलं असतं."
"सहाचाच होता आधी. कोकिलाबेनच्या बरण्या हलायच्या.
लोणचं सांडलं म्हणून भांडायला आली.
मग उपटून नऊचा घातला, खाली वाळू, आणि वाळूखाली…"
"वाळूखाली काय?"
"बघशील."

दुपारभर मी सोन्यासाठी खणलं, खोटं कशाला बोलू.
निदान चांदीचा एखादा रुपया.

सायकलच्या ट्यूबा निघाल्या.
उभ्या चिरून सपाट केलेल्या, तीन थर,
एकावर एक आडव्या-उभ्या, खाट विणावी तशा.
अजून मऊ.
मिल बंद पडली त्या वर्षी, बाबा दारात बसून असताना,
ती पंक्चरवाल्यांकडे फिरत होती पिशवी घेऊन.

आणि मला लहानपणी वाटायचं,
आपली घंटी स्वभावानेच हळू.

काटमाळ एकतीस गोण्या. अर्ध्याच भरायच्या,
हे पहिली गोणी फाटल्यावर कळलं.
कोकिलाबेन काठी टेकत आल्या,
"अमारा झांपा आगळ खाडो छे, भाई."
नऊ गोण्या तिकडे ओतल्या.
त्या उभ्या राहून सांगत होत्या, इथे जरा जास्त, इथे कमी.
आई खिडकीतून बघत होती. काही बोलली नाही,
म्हणजे तिच्या मानाने बरंच.

रात्री ताट धरलं तर वाटी वाजायला लागली.
हात थांबेनात.
माझ्या खाली ट्यूबा नव्हत्या.

तीन बोल्ट भंगारात गेले, बत्तीस रुपये किलो.
चौथा आईने मागून घेतला.
तळहातावर तोलला, आट्यांवरून नख फिरवलं,
दिव्याकडे धरून वाकलाय का ते पाहिलं.
"आलं ठेचायला बरा आहे," म्हणाली.
मग मी उठत नाही असं बघून,
"धुऊन दे."