चढता का उतरता

गावभागातल्या माझ्या क्लासच्या भिंतीवर
फळ्याच्या वर वीतभर एक आडवी रेघ आहे.
दोनदा रंग दिला, तरी ओल धरून पुन्हा उमटते.
नवी मुलं तिच्याबद्दल विचारत नाहीत. सांगलीचीच असतात.

आज व्यस्त फलन.
म्हटलं, समजा पाणी तासाला अर्धा फूट चढतंय,
सुरुवात पंचवीस फुटांवर.
तास दिला की पातळी मिळते:
तासाचं निम्मं, अधिक पंचवीस.
हे सरळ काम. आयर्विन पुलावरचा आकडा
मोबाईलवर येतो, आपण दूध तापवत वाचतो.

आता उलटं. पातळी दिली, तास शोधा.
जे शेवटी केलं ते आधी सोडवायचं:
शेवटी पंचवीस मिळवले, म्हणून आधी पंचवीस काढा;
आधी निम्मं केलं, म्हणून शेवटी दुप्पट.
माळ्यावर पहिली गेलेली पेटी
उतरवताना शेवटीच हाताला लागते,
हे या वर्गाला वेगळं शिकवावं लागत नाही.

त्रेचाळीस फूट?
"छत्तीस तास," मागच्या बाकावरून मगदूमांचा श्रेणिक.
पडताळा बघ: छत्तीसचे निम्मे अठरा,
अठरा नि पंचवीस त्रेचाळीस. शाब्बास.

तो खाली बसला नाही.
"पण मॅडम, कुठला त्रेचाळीस? चढता का उतरता?"

खडू घेऊन त्यानं फळ्यावर डोंगर काढला,
एक बाजू उभी, दुसरी रेंगाळत गेलेली.
"इथं पप्पांनी गिरणीची मोटर सोडवून वर घेतली, आम्ही निघालो.
इथं परत आलो. दार फुगून बसलेलं,
जात्याच्या तोंडात गाळ.
आकडा तोच की."

मी मोठी पट्टी आडवी धरली.
दोन ठिकाणी कापला डोंगर.
पुस्तकात एका ओळीत लिहिलंय:
असं झालं तर व्यस्त नाही.
पट्टीच्या वर भिंतीवरची रेघ होती,
तिच्याकडे मी बघितलं नाही.

"मग प्रांत आवळायचा," म्हटलं,
"फक्त चढती बाजू घे, शिखरापर्यंत.
तेवढ्यात एका पातळीला एकच तास."
त्यानं डस्टर उचललं,
उतरत्या बाजूपाशी नेलं, आणि थांबला.
"ही पुसायची?"

नको. तीही घेता येते, वेगळी.
तिचं व्यस्त तिचं.
"तिचा वेग काय धरायचा?"

मला माहीत नव्हता.
चढताना सगळं गाव आकडे वाचत होतं;
उतरताना मी विट्याला बहिणीकडे
कुणाच्या तरी चपला घालून फिरत होते.

"आईला विचारतो," श्रेणिक म्हणाला.
"ती नव्हती आली आमच्याबरोबर. माडीवर थांबलेली.
रोज जिन्याच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या
ते कॅलेंडरवर लिहिलंय तिनं,
दुधाच्या हिशेबाखाली."

पायरी किती इंचांची?
"सात असेल."
असेल नको, म्हटलं. मोजून ये.