पस्तीस मिली

डाव्या काखेखालून निघालेली नळी,
टोकाला डाळिंबाएवढा रबरी फुगा, दाबून बसवलेला.
पावरा सिस्टरनं सुपडूला शिकवलं:
मुळाशी चिमटीत धरा, हलू देऊ नका,
दुसऱ्या हाताची बोटं दाबत खाली न्या.

तो म्हणाला, हे तर ठिबकचंच काम.
चोपड्याच्या निम्म्या केळीबागांतले
तुंबलेले ड्रिपर यानंच उघडलेत, क्षार झटकून.

आता सकाळ-संध्याकाळ
कोपरापर्यंत साबण, स्पिरिटचा बोळा,
तरी नखांत केळीच्या चिकाचं काळं.
दुखस का?
नही, म्हणते मी.
तो नळीकडेच बघतो. वर, सपाट पट्टीकडे, नाही.
पाण्याच्या पाळीच्या वहीत लिहितो:
सोमवार सत्तर. मंगळवार पंचावन्न.

काल लाईट गेली आणि नळीत गाठ अडकली.
मोबाइल दातांत धरून
कितीतरी वेळ ओढत राहिला,
त्याचा घाम माझ्या पोटावर.
मग निसटली एकदाची,
जांभळाच्या सालीएवढी,
फुग्यात पडली.

मोकळं, असं काहीतरी म्हणाला,
दातांत मोबाइल, नीट कळलं नाही.
मान वर केली तसा
उजेड पट्टीवर पडला.
त्यानं तो हलवला नाही.

वहीत मीच लिहिलं, पस्तीस.