राखण

दारात पुन्हा पिशवी.
शेजारच्या मिस्टर बेकविथनी ठेवलेली, न सांगता,
पालापाचोळ्याच्या गोणीला मारतात तशी गाठ मारून.
आत केल. पानांच्या झालरींत
फेब्रुवारीचं हिम विरघळायचं राहिलेलं,
एक गोगलगाय, आणि तळाशी
बाळमुठीएवढी तीन बीटं.

फोनवर आई विचारते, आज काय केलंस?
म्हटलं, केल केलं.
केळं?
केळं नाही गं, केल. कोबीच्या घराण्यातलं,
पण तोंड मिटून न बसणारं.
मग भाजी कर की.
भाजी तीनदा झाली. तीनदा श्रीरंगने
ताटाकडे न बघता जेवण संपवलं.

स्टेंट बसवल्यापासून
आमच्याकडे तळण बंद.
कढई वरच्या फळीवर पालथी.
यादी फ्रिजवर, चुंबकाखाली:
शेव नाही, कुरडई नाही, पापड नाही.
तेव्हापासून त्याचं बोलणंही मऊ पडलंय.
काहीही विचारा,
चालेल.

म्हणून आज वॉकलीचा चढ चढून
दुकानातून मीटरच्या चावीत भरून आणलं
पाच पौंडांचं ऊन.
शेफील्डमध्ये ते असंच मिळतं, सुटं.

पानं धुतली. पुसली. पुन्हा पुसली,
तान्ह्या बाळाच्या मानेच्या वळ्या पुसाव्यात तशी,
कारण एक थेंब राहिला की सगळा लगदा.
देठ काढले. चमचाभर तेल
इतक्या पानांना पुरवून पुरवून चोळलं.
तीळ, आमचूर,
मीठ नखावर मावेल एवढंच.
बीटं किसणीच्या उभ्या पात्यावर, इतकी पातळ
की चकतीतून ओट्यावरचं गॅसचं बिल वाचता यावं.
मग एकेक मांडलं,
पानाला पान लागणार नाही असं.
अंगाला अंग लागलं की वाफ धरून बसतात.

ओव्हनवरचे आकडे जुन्या भाडेकरूंच्या बोटांनी पुसलेले.
माझा नेलपॉलिशचा एक ठिपका आहे, तो मंद.
खटका तिथे आणून
फरशीवर बसले, काचेसमोर, गुडघे पोटाशी.
इचलकरंजीला गच्चीवर बसायचे तशी:
हातात काठी, समोर जुन्या लुगड्यावर सांडगे,
आणि कठड्यावर कावळा, माझ्याइतकाच चिवट.
इथे कुठला कावळा.
काचेआड पिवळा दिवा, पंख्याची घरघर,
आणि पानांच्या कडा हळूहळू आत वळताहेत
काहीतरी आठवल्यासारख्या.

डोळा लागला असणार. दोन मिनिटं.
तेवढ्यात तो आलाच,
जिन्यावरच्या छताला चिकटून, एकच डोळा, तांबडा,
आणि काय ती कावकाव!
मी उठले ती टॉवेल गरगर फिरवत,
हाऽड! हाऽड!
तोंडातून तेच निघालं, अठ्ठावीस वर्षांनी,
धुराच्या अलार्मला.

श्रीरंग वरून धावत आला, म्हणजे
डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच धावत.
जिन्यात थांबला. मला पाहिलं, टॉवेल पाहिला, ट्रे पाहिला.
कडेची पाच-सहा पानं कोळसा.
बाकीची हिरवी, ताठ,
फुंकर मारली तर उडतील अशी.
एक उचललं, दिव्यासमोर धरलं
आणि दाढेखाली घातलं.

कुर्रम्.

चावत राहिला. डोळे बारीक करून.
मग म्हणाला,
मीठ कमी आहे.

सहा आठवड्यांत पहिल्यांदाच
त्याला काहीतरी कमी पडलं.

कमीच राहणार, मी म्हटलं,
आणि पाठ वळवली, लाल बोटांनी
उगाच बीटाच्या चकत्या चाचपत.
त्या अजून नरम होत्या. वाफ निघून जावी म्हणून
ओव्हनच्या दारात लाकडी चमचा अडकवला,
आणखी दहा मिनिटं दिली.
तो कठड्याला धरून खाली उतरला,
माझ्या शेजारी फरशीवर बसला,
हातातला टॉवेल काढून घेतला.
तू पड जरा, म्हणाला,
मी राखतो.