गोलाई

बत्तीस वर्षं मी चौकोन बनवले.
चोवीस बाय चोवीस, तीस बाय तीस.
लोहाओळीतून आणलेला बावीस गेजचा पत्रा,
कडा दुमडायची, कोपरा ठोकायचा, पाय लावायचे,
आणि चैत्र तापायच्या आत बगडगंजातल्या निम्म्या खिडक्यांना
एकेक कुलर टांगून मोकळं व्हायचं.

दिवाळीनंतर हाताला काम नसतं.
या वर्षी प्रणयनं, भाच्यानं, मोबाइलवर एक गाडी दाखवली:
नाक लांब, बसायला एवढीशी खोबण,
मागची चाकं पुढच्यांपेक्षा दांडगी,
बॉनेटच्या बाजूला आडव्या फटींची रांग.
"मामा, हा तर आपला कुलरच आहे."
मी म्हटलं, आडवा पाडलेला.

दुसऱ्या दिवशी देवमन उकेंचा गंजका कुलर
भंगाराच्या भावात उचलून आणला.
फटी तयारच होत्या. अँगलची चौकट,
पुढे ढकलगाडीची चाकं, मागे ऑटोची.
अंगणात खडूनं खरा आकार काढला.
शकुननं दीड महिना
त्याला वळसा घालून रांगोळी काढली, बोलली काही नाही.

सरळ भाग आठवड्यात उरकले.
मग मडगार्ड आलं.

पत्रा एका अंगानं वाकतो, एवढं मला ठाऊक होतं.
दोन्ही अंगांनी एकदम वाक म्हटलं
की कडेनं सुरकुततो,
वाळत्या पापडासारखा उचलतो,
आणि फार मारलं की फाटतो. तीन फाटले.
जुन्या जीन्सच्या पायात कन्हानची रेती भरली,
दाभणानं तोंडं शिवली, बाभळीचा ठोकणा तासला,
दाण्याचा कूट करावा इतक्या हळू
मधून बाहेर, मधून बाहेर.
शकुनची कढई मापाला घेतली, तेव्हा मात्र ती बोलली.

जोडाला वेल्डिंग लावलं, जस्ताचा पांढरा धूर निघाला.
रात्री हुडहुडी भरून ताप.
गुळाचा खडा हातावर ठेवत म्हणाली,
"साठीत काय खेळणं बनवून राह्यले तुम्ही?"
मी उत्तर दिलं नाही.
दात वाजत होते, तेवढं कारण पुरलं.

कधीतरी ठोक्याचा आवाज बदलला.
डोळे मिटून तळहात फिरवला
आणि तो कुठेच अडला नाही.
किती वेळ फिरवत होतो कोण जाणे,
चहावर साय धरली.

दुसरं मडगार्ड पहिल्यासारखं जमलं नाही.
उके चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"काऊन बे, डावं उजव्याहून मोठं दिसते?"
दोन सुतांचा फरक. दिसते तर दिसू द्या.

प्रणयला ज्वाळा पाहिजे होत्या.
ज्या पत्र्यामागे उकेंचं अख्खं घर
पंधरा उन्हाळे, शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या दुपारी,
पांघरूण घेऊन झोपलं,
त्याच्यावर मी लाल-पिवळ्या जिभा काढत बसलो.
हसू आलं, ब्रश हलला.
एक जीभ वाकडी गेली, ती तशीच आहे.

मार्चात पहिलं गिऱ्हाईक आलं. हॉलसाठी मोठा पाहिजे.
माप लिहून घेतलं. चौकोनाचं.

त्या रात्री दहाला गल्लीतल्या पोरांनी गाडी ढकलली.
इंजिन अजून नाही, लुनाचं मिळेल म्हणतात.
मी मेटॅडोरच्या स्टिअरिंगला धरून.
आटाचक्कीपासून टाकीकडे थोडा उतार आहे,
पोरांचे हात सुटले, हसणं मागे राहिलं,
आणि बाजूच्या फटींतून
हवा आत आली.
गुडघ्यांना लागली, मग सदऱ्यात शिरली.
पंखा नव्हता, पंप नव्हता, वाळ्याची ताटी नव्हती,
कोणी बटण दाबलं नव्हतं.

"मामा, ब्रेक!"

ब्रेक लावायचा राहिला होता.
दोन्ही पाय खाली सोडले,
चपला घासत, ठिणग्या नसलेल्या,
टाकीच्या ओल्या चिखलात जाऊन थांबलो.
उतरलो नाही लगेच.