दहावा मैल

गेल्या फेब्रुवारीत, थॉमसनच्या शेवटच्या तोड्याला,
क्रेट उचलताना मनगटावर एक गांधीलमाशी.
साखर भरलेल्या मण्यात तोंड घालून बसली होती,
तिचं जेवण मीच मोडलं.

मंजुळा भोये म्हणाली, लोखंड घासा, दादा.
कुणी चुना आणला.
तोवर तळहातांना खाज सुटली,
कातडीच्या आतून कुणी दार खरवडावं तशी.
मोहाडीतनं पिकअप निघाली तेव्हा मी शिव्या देत होतो म्हणे.
दहाव्या मैलापाशी माझा आवाज गेला.

पुढचं मला आठवत नाही.
ते तुझ्याकडे आहे, दौलत,
एक हात स्टिअरिंगवर,
एक माझ्या हनुवटीखाली.

म्हणून यंदा छाटणीआधीच बसवलंय तुला
पॅकहाउसच्या मागं, दोन मोसंबी घेऊन.

ही कुपी. बदामी काच, करंगळीएवढी.
मान इथं मोडते. रुमालात धर, काच लागते.
अर्धा मिली.
डॉक्टरीणबाईंनी सिरिंजवर लाल पेनानं रेघ मारून दिलीय.
मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मधोमध.
पँट सोडवत बसू नकोस, वरूनच टोच.
मग एकशे आठ लाव.
मला आडवा ठेव, पाय क्रेटवर.
उठतो म्हणालो तरी उठू देऊ नकोस.
मुकादम आहे मी, म्हणणारच.
चुना नंतर.

पहिलं मोसंबं तू आरपार केलंस.
दुसऱ्याला हात थरथरला.
थरथरू दे.
ओठ सुजताना मी काही
सुबक हात शोधणार नाही.

कुपी चष्म्याच्या घरात,
चष्म्याचं घर थर्मासात,
थर्मास मी जिथं तिथं.
उन्हात ठेवायचा नाही, गाडीत विसरायचा नाही.
कुपीवर तारीख आहे, जूनची.
तेव्हा ती न फोडताच टाकायची
आणि दुसरी आणायची.
पुष्पलता म्हणाली, पैसे वाया.
म्हटलं, दर जूनला असेच जाऊ देत.

ठिबकच्या गळक्या नळीवर
आत्ताही एक पाणी पितेय.
तू हळूच चप्पल काढलीस.
राहू दे.
कंबर बघ केवढी, दोऱ्याएवढी,
आणि आपण दोघं कसे
श्वास धरून बसलोय.

ती उडून गेल्यावरही
मोसंब्यातून पाणी गळत होतं
तुझ्या मांडीवर,
बाहेरच्या अंगाला, मधोमध.